तुवालू : 'बुडणारा देश' एवढीच ओळख का?

दर्याकिनारा

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी तुवालूचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून केलेलं भाषण इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. सूट, टाय, समोर भाषणाचं मेज आणि खाली पाणी. तेव्हापासून तुवालू म्हटलं की 'बुडणारा देश' यापलीकडे कुणी जात नाही. मी या देशाबद्दल बरंच वाचत आलोय आणि माझं मत असं झालंय की, इतक्या थोड्या जमिनीवर इतक्या थोड्या माणसांनी एवढ्या जबाबदारीने चालवलेले देश फार नाहीत. समुद्र चढतोय हे खरंच आहे, त्यावर बोलूच. पण आधी देश कसा आहे ते बघू.

प्रशांत महासागरात, फिजीच्या उत्तरेला साधारण हजार किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या थोडं खाली, वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेली नऊ बेटं: नानुमेआ, नानुमांगा, निउताओ, नुई, वाइतुपु, नुकुफेताउ, फुनाफुती, नुकुलाएलाए आणि निउलाकिता. सगळी मिळून जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेदहा-अकरा हजार. समुद्र मात्र साडेसात लाख चौरस किलोमीटरांहून जास्त. या देशाचा नकाशा काढायचा तर समुद्राचाच काढावा लागेल.

नऊपैकी सहा कंकणद्वीपं आहेत, आपल्या लक्षद्वीपमध्ये आहेत तशी: प्रवाळाचं कडं आणि मधे शांत लगून, म्हणजे खाऱ्या पाण्याचं उथळ तळं. बाकीची तीन प्रवाळाचीच, पण मधे मोठं लगून नसलेली. राजधानी फुनाफुती. तिथल्या कड्यावरचा फोंगाफाले हा लांबट तुकडा म्हणजे राजधानीचं गाव. लांबी सुमारे १२ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी जेमतेम २० मीटर, रुंदात रुंद जागी ४०० मीटर. रस्त्यावर उभं राहिलं की एका बाजूला लगून, दुसऱ्या बाजूला उघडा महासागर. साऱ्या देशात पाच मीटर उंचीची जागा सापडत नाही.

याच फुनाफुतीवर १८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने तीन मोहिमा पाठवून प्रवाळात भोक पाडलं. डार्विनचं म्हणणं होतं की जुना ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतं आणि शेवटी नुसतं कडं उरतं. ते तपासायला हे बेट निवडलं होतं. सुमारे ३४० मीटर खाली गेले तरी प्रवाळाचाच खडक लागत होता. शाळेच्या भूगोलात कंकणद्वीपाची आकृती काढताना हे नाव कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

लोक पॉलिनेशियन, सामोआशी भाषेने आणि नात्यागोत्याने जवळचे. फक्त नुई बेटावर शेजारच्या किरिबाती देशातली गिल्बर्टी बोली चालते. ख्रिस्ती धर्म आला तोही योगायोगाने. १८६१ मध्ये कुक बेटांतल्या मनिहिकीचा एलेकाना नावाचा चर्चचा सेवक वादळात भरकटत नुकुलाएलाएला लागला आणि तिथेच शिकवू लागला. आज बहुसंख्य लोक एकाच चर्चचे आहेत. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, पेरू देशाची मजूर पळवणारी जहाजं आली आणि नुकुलाएलाएची बहुतेक माणसं घेऊन गेली. जवळपास कुणीच परत आलं नाही. बेटावरच्या माणसाला गाव सोडायला सांगणं म्हणजे काय, हे कळायला हा इतिहास ठाऊक असायला हवा.

राज्यकारभाराचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

रानजाई

छान धागा. एक प्रश्न: नदी नाही, डोंगर नाही, मग पिण्याचं पाणी कुठून? आणि एवढ्याशा जमिनीत खातात काय?

दर्याकिनारा

रानजाई, पाणी पावसाचं. प्रत्येक घराच्या छपराला पन्हळ आणि खाली टाकी. चर्चच्या, सरकारी इमारतींच्या छपरांचंही पाणी साठवतात. पाऊस रुसला तर दुसरा आधार नाही. २०११ मध्ये लांबलेल्या दुष्काळात आणीबाणी जाहीर करावी लागली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानाने पाठवली, लोकांना पाणी मोजून मिळत होतं.

खाण्यात मासे, नारळ, फणसाच्या जातीचं ब्रेडफ्रूट आणि पुलाका. हे अळूच्या कुळातलं मोठ्या पानांचं कंद. प्रवाळी वाळूत पिकत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खड्डे खणले, पार गोड्या पाण्याच्या थरापर्यंत. त्यात पालापाचोळा टाकून माती तयार केली. कुठला पाला, कधी, कसा टाकायचा हे ज्ञान घराण्यात राखलेलं असतं. आता खालून खारं पाणी चढतंय आणि खड्ड्यातला कंद कुजतोय. समुद्र वाढण्याचा पहिला फटका घराला बसत नाही, खड्ड्याला बसतो. म्हणून हल्ली तांदूळ, पीठ, डबाबंद मांस सगळं जहाजाने येतं, आणि मधुमेहही वाढलाय.

माडाच्या पोयीतून रस काढतात, त्याला कालेवे म्हणतात. ताजा असतो तेव्हा आपली नीराच. आटवून काकवीसारखा पाकही करतात. पोय बांधून, कापून, सकाळ-संध्याकाळ चढून उतरवायची पद्धत वसई किंवा वेंगुर्ल्याच्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल.

कातळ

लेख चांगला आहे, पण एक मुद्दा मांडतो. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तुवालूच्या १०१ लहानमोठ्या बेटांचे १९७१ ते २०१४ पर्यंतचे हवाई फोटो आणि उपग्रहचित्रं ताडून पाहिली. त्यात एकूण जमीन सुमारे २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. समुद्र वाढत असताना! मग 'बुडतंय, बुडतंय' हा गजर कशासाठी?

दर्याकिनारा

कातळ, अभ्यास खरा आहे आणि त्यातले आकडेही बरोबर आहेत. त्याचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. लाटा प्रवाळाचा चुरा आणून किनाऱ्यावर टाकतात, बेटं जागा बदलतात, काही फुगतात, काही झिजतात. १९७२ च्या बेबे चक्रीवादळाने फुनाफुतीच्या समुद्राकडच्या बाजूला प्रवाळाच्या तुकड्यांचा काही किलोमीटर लांब बांधच उभा केला होता. तर १९९७ च्या चक्रीवादळांनी त्याच कड्यावरच्या तेपुका सावीलिवीली या छोट्या बेटावरचे माड आणि माती धुऊन नेली.

पण क्षेत्रफळ वाढलं म्हणजे उंची वाढली असं नाही. राहायला लागते ती उंची, गोडं पाणी आणि पिकणारी माती. ३० वर्षांत तिथला समुद्र जवळपास १५ सेंटीमीटरने चढलाय, आणि नासाच्या २०२३ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत बरीचशी जमीन आणि महत्त्वाच्या सोयी रोजच्या सरासरी भरतीच्या पातळीखाली असतील. फेब्रुवारी-मार्चच्या उधाणात फोंगाफालेवर पाणी किनाऱ्यावरून येतंच, शिवाय जमिनीतूनही फुटून वर येतं, कारण खालचा खडक सच्छिद्र आहे. तिथे भिंत बांधूनही ते अडत नाही.

तरी ते हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. हरित हवामान निधीच्या पैशातून फोंगाफालेच्या लगूनकडच्या बाजूला रेती उपसून ७ हेक्टरांहून थोडी जास्त नवी, उंच जमीन तयार केली आहे. सरकारी इमारतीसमोरच. ती या शतकाच्या शेवटापर्यंतचा समुद्र धरून आखलेली आहे.

पश्चिमवारा

तो अभ्यास आणि 'बुडणं' यांत विरोध नाही हे पटलं. माझी उत्सुकता कारभाराची. एवढ्याशा देशात संसद काय करते?

दर्याकिनारा

हाच माझा आवडीचा भाग.

आधी देश वेगळा कसा झाला ते. इंग्रजांनी गिल्बर्ट (आजचं किरिबाती) आणि एलिस (म्हणजेच तुवालू) ही बेटं एकत्र बांधली होती, १८९२ मध्ये संरक्षित प्रदेश म्हणून आणि १९१६ पासून वसाहत म्हणून. गिल्बर्टी लोक मायक्रोनेशियन आणि संख्येने कितीतरी जास्त, एलिसचे पॉलिनेशियन. स्वातंत्र्य जवळ आलं तसं एलिसवाल्यांना वाटू लागलं की आपण कायम अल्पमतात राहू. १९७४ मध्ये मतदान झालं: वेगळं व्हायचं म्हणणारे ३,७९९, विरोधात २९३. आणि अट काय होती? वेगळे झालात तर एक जहाज मिळेल, गिल्बर्टकडच्या ओशन बेटावर निघणाऱ्या फॉस्फेटच्या पैशात वाटा मिळणार नाही. हे ठाऊक असूनही त्यांनी तसं मत दिलं. १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र झाला, तोआरिपी लाउती पहिले पंतप्रधान.

आता संसद. १६ सदस्य, आठ मतदारसंघ, प्रत्येकी दोन. निउलाकिता हे नववं बेट निउताओबरोबर मोजलं जातं, कारण तिथली वस्तीच १९४९ मध्ये निउताओहून नेलेली. राजकीय पक्ष नाहीत. एकही नाही. उमेदवार आपल्या बेटावर स्वतःच्या आणि घराण्याच्या बळावर उभा राहतो, आणि निवडून आलेले सोळा जण गुप्त मतदानाने पंतप्रधान निवडतात. राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा, त्याच्या वतीने तुवालूचाच एक नागरिक गव्हर्नर जनरल. प्रजासत्ताक व्हायचं का, असं २००८ मध्ये लोकांना विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं.

२०२४ च्या जानेवारीतल्या निवडणुकीत विद्यमान पंतप्रधान काउसेआ नातानो स्वतःच्याच बेटावर हरले. नव्या सदस्यांना राजधानीत जमायलाही वेळ लागला, कारण खराब हवेत जहाज निघेना. शेवटी फेलेती तेओ बिनविरोध पंतप्रधान झाले. ते पूर्वी देशाचे ॲटर्नी जनरल होते आणि नंतर पश्चिम व मध्य प्रशांतातल्या मासेमारी आयोगाचे प्रमुख. ज्या देशाचं उत्पन्न ट्यूनावर, त्याला ट्यूनाचे कायदे कोळून प्यालेला पंतप्रधान मिळाला.

पश्चिमवारा

पक्ष नाहीत म्हणजे सरकार सारखं पडत असणार?

दर्याकिनारा

पडतं. दोघा-तिघांनी बाजू बदलली की संपलं. पण २०१३ चं प्रकरण बघा. पंतप्रधान विली तेलावी यांच्याकडे बहुमत उरलं नव्हतं. पोटनिवडणूक विरोधकांनी जिंकली आणि तरी ते सभागृह बोलवायला तयार नव्हते. गव्हर्नर जनरल याकोबा इतालेली यांनी अधिवेशन बोलावलं. तिढा सुटेना तेव्हा त्यांनी तेलावींना पदावरून दूर केलं. तेलावींनी उलट गव्हर्नर जनरलनाच हटवण्यासाठी थेट राणीकडे धाव घेतली. काही दिवसांतच सभागृहात मतदान झालं आणि एनेले सोपोआगा पंतप्रधान झाले. लष्कर या देशाला नाहीच. एकही दगड न उचलता, कागदावर आणि सभागृहात सगळं निभावलं.

खरा कारभार मात्र बेटावर चालतो. प्रत्येक बेटाची जुनी सभा आहे, फालेकाउपुले. ज्येष्ठ, बेटाचा प्रमुख, घराण्यांचे लोक सभागृहात चटयांवर बसून बोलतात. १९९७ च्या कायद्याने या सभेला स्थानिक शासनाचा अधिकार दिला आणि तिच्या हाताखाली सहा निवडून आलेल्या सदस्यांची काउपुले ही कामकाज समिती नेमली. आपल्याकडे ग्रामसभेचे ठराव अनेक ठिकाणी कागदावरच राहतात. तिथे सभेने नाही म्हटलं तर मंत्र्यालाही बेटावर काही करता येत नाही. जमीनही बहुतेक घराण्यांच्या सामाईक मालकीची, त्यामुळे धावपट्टीच्या जागेचंसुद्धा सरकार भाडं देतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्येष्ठांच्या सभेत बायकांचा आवाज फार काळ दबलेला राहिला. संसदेत आजवर पोचलेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या: नामा लातासी, पेलेनिके इसाया, पुआकेना बोरहॅम. मला या व्यवस्थेबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच हे डोळ्यात खुपतं.

रानजाई

धावपट्टीवर संध्याकाळी मुलं खेळतात असं कुठेतरी पाहिलं होतं. खरं का?

दर्याकिनारा

अगदी खरं. विमानं आठवड्यातून मोजकीच, फिजीहून. यायच्या आधी भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. एरवी तिथे फुटबॉल, व्हॉलीबॉल, उकाड्याच्या रात्री झोपायलाही येतात. कारण दुसरी मोकळी जागाच नाही. ही पट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधली, चांगली पुलाकाची जमीन आणि हजारो माड घालवून. भरावासाठी खणलेले मोठे खड्डे तसेच उघडे राहिले. त्यात खारं पाणी, कचरा, आणि काठावर गरीब वस्ती, असं सत्तर वर्षं चाललं. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीने लगूनची रेती घालून ते बुजवले. दुसऱ्यांच्या युद्धाचे खड्डे होते ते.

ऑकलंडकर

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या पश्चिम ऑकलंडमध्ये, हेंडरसन-रानुईकडे, तुवालूचे पुष्कळ लोक आहेत. न्यूझीलंडने प्रशांतातल्या काही देशांसाठी चिठ्ठ्या काढून दरवर्षी ठरावीक लोकांना कायम राहायला घ्यायची योजना २००२ च्या सुमारास आणली, त्यात तुवालूला बरीच वर्षं ७५ जागा होत्या. आमच्या शेजारचं एक कुटुंब त्यातूनच आलेलं.

त्यांच्याकडे लग्नाला गेलो होतो. फातेले हा त्यांचा नाच सुरू झाला: मधे लाकडी पेटी ठेवून पुरुष गोल बसून तळव्यांनी ती बडवतात, बायका उभ्या राहून नाचतात, गाणं सावकाश सुरू होतं आणि वेग वाढत वाढत एकदम थांबतं. दोन बाजू असतात, एक थांबली की दुसरी त्याहून चढ्या आवाजात सुरू करते. आजोबा-पणजोबांपासून ते चार वर्षांच्या पोरापर्यंत सगळे त्यात.

एक सांगतो, त्यांच्यासमोर 'तुमचा देश बुडतोय ना' असं चुकूनही म्हणू नका. शेजारच्या आजी 'हवामान निर्वासित' हा शब्द ऐकला की उठून जातात. आम्ही कुणाकडे आसरा मागायला आलो नाही, कामाला आलो, असं त्यांचं म्हणणं. दर वर्षी बेटाच्या सभेसाठी वर्गणी इथून जाते, त्यात खंड नाही.

कातळ

ऑकलंडकर, हे वाचून बरं वाटलं. माझा पुढचा प्रश्न पैशाचा आहे. असा देश चालतो कशावर?

दर्याकिनारा

चार गोष्टींवर, आणि मदतीवर.

मासेमारी सगळ्यात मोठी. ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींना पूर्वी कवडीमोलाने परवाने मिळायचे. मग नाउरू करार या मासेमारीच्या करारातल्या प्रशांतातल्या आठ देशांनी एकजूट केली: समुद्रात मासेमारीचे ठरावीक 'दिवस' आखायचे आणि बोटींनी ते दिवस विकत घ्यायचे. एकेकट्याला दाबता येत होतं, आठांना येईना. उत्पन्न कैक पटींनी वाढलं.

दुसरं, इंटरनेटवरच्या पत्त्याच्या शेवटी येणारं 'डॉट टीव्ही' हे त्यांच्या देशाचं अक्षरचिन्ह. दूरचित्रवाणीवाल्यांना ते हवंहवंसं. ते वापरू देण्याच्या पहिल्या कराराच्या पैशाने तुवालूला २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व परवडलं आणि राजधानीत डांबरी रस्ते झाले. तिसरं, खलाशी: आमातुकु बेटावरच्या नाविक शाळेत शिकून तरुण परदेशी, विशेषतः जर्मन मालकांच्या जहाजांवर जातात, आणि घरी पैसे पाठवतात.

चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९८७ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने भांडवल घालून तुवालू ट्रस्ट फंड उभा केला. नियम कडक: महागाई धरून मुद्दलाची किंमत शाबूत असेल तरच वरची मिळकत काढायची, आणि तीही आधी वेगळ्या खात्यात ठेवून, वाईट वर्षासाठी. मुद्दलाला हात नाही. शेजारच्या नाउरूकडे फॉस्फेटमुळे अफाट पैसा होता आणि तो उधळपट्टीत आणि फसलेल्या गुंतवणुकीत गेला. तुवालूकडे थोडा होता आणि तो टिकला. याच धर्तीवर बेटांच्या सभांसाठी १९९९ मध्ये वेगळा निधीही केला.

आणि हो, देशातलं पहिलं एटीएम २०२५ च्या एप्रिलमध्ये लागलं. पंतप्रधान स्वतः उद्घाटनाला होते.

पश्चिमवारा

ऑस्ट्रेलियाबरोबरच्या फालेपिली कराराबद्दल कुणी लिहिलं नाही. २०२३ मध्ये झाला, २०२४ च्या ऑगस्टपासून लागू. दर वर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्या-शिकण्या-कामाचा हक्क. २०२५ मध्ये पहिल्या सोडतीला कुटुंबीय धरून ८,७५० नोंदण्या झाल्या, म्हणजे देशातल्या दर पाचांमागे चार माणसं! बदल्यात तुवालूने दुसऱ्या कुठल्याही देशाशी सुरक्षेचा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची सहमती हवी. मला तरी हे सार्वभौमत्व गहाण टाकणं वाटतं.

ऑकलंडकर

पश्चिमवारा, मी थोडं वेगळं म्हणेन. नोंदणी म्हणजे सोडून जाणं नव्हे. इथलेही येतात-जातात, म्हातारपणी परत जायचं म्हणतात. दार उघडं असावं एवढीच अनेकांची इच्छा असते.

दर्याकिनारा

सुरक्षेच्या कलमावर तुवालूतही जोरात वाद झाला, सोपोआगा उघड विरोधात होते. माझीही त्या कलमाबद्दल नाराजी आहे. पण त्याच करारात ऑस्ट्रेलियाने लिहून दिलंय की समुद्र कितीही चढला तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व आणि सार्वभौमत्व कायम राहील. असं लिहून देणारा हा पहिलाच करार. त्याआधी तुवालूने २०२३ मध्ये स्वतःच्या राज्यघटनेतही ते घातलं: राष्ट्र कायमचं, आणि सागरी हद्दीही कायमच्या, किनारा मागे हटला तरी. साडेसात लाख चौरस किलोमीटर समुद्र, त्यातले मासे आणि त्यावरचा देशाचा खर्च, सगळं या एका वाक्यावर आहे.

२०२१ मध्ये अँटिग्वा-बार्ब्युडाबरोबर मिळून त्यांनी लहान बेट-राष्ट्रांचा आयोग काढला आणि सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाकडून मत मागितलं. २०२४ च्या मे महिन्यात मत आलं: हरितगृह वायू हे समुद्राचं प्रदूषणच आहे आणि ते रोखणं देशांवर बंधनकारक आहे. मग २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की एकदा राष्ट्र स्थापन झालं की त्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राष्ट्रत्व संपेलच असं नाही. तुवालू ज्यासाठी झगडत होता, तेच.

रानजाई

पण माणसं गेलीच तर? एकत्र राहतील का?

दर्याकिनारा

एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात वाइतुपुच्या लोकांनी अमेरिकन तळावर कमावलेल्या पैशातून बेटाच्या सभेने फिजीतलं कियोआ हे बेट विकत घेतलं. बुडण्याची भीती तेव्हा नव्हती, गर्दी वाढेल म्हणून. १९४७ पासून काही कुटुंबं तिथे गेली. भाषा तुवालूचीच ठेवली, सभा ठेवली, वाइतुपुशी सोयरिक ठेवली. फिजीचं नागरिकत्व मिळायला २००५ उजाडलं. वाइतुपुही रिकामं झालं नाही. जमिनीच्या हिशेबात ते आजही देशातलं सगळ्यात मोठं बेट, आणि सरकारी निवासी माध्यमिक शाळा तिथेच आहे. कियोआवर कुणाकडे अधिक माहिती असेल तर जरूर लिहा, फिजीतल्या मराठी मंडळींकडून काही कळलं तर फारच छान.